दुपारी दोनची पत्रिका

अकोल्यात पत्रिका जुळवणारे पुष्कळ आहेत. पण आलेलं स्थळ टाळायचं असेल आणि वाईटपणा घ्यायचा नसेल, तर यंदाच्या उन्हाळ्यात लोक उद्धव गुरुजींकडची दुपारी दोनची वेळ मागू लागले. वेळ दोनचीच हवी, असा आग्रह. का, ते कोणी बोलत नसे. गुरुजीही विचारत नसत.

गुरुजी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पत्रिका पाहणं घराण्यातच होतं. त्यांनी ते कॉम्प्युटरवर आणलं. या कामासाठी अकोल्यात पहिला कॉम्प्युटर आपणच घेतला, असं ते सांगत, आणि ऐकणाऱ्याला खोटं पाडण्यात काही फायदा नसल्यामुळे ते खरं ठरलं होतं. कॉम्प्युटरवर कुंदाताईंनी स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर. काम संपलं की गुरुजी मशीन लगेच बंद करत. वीज जाळायची नाही. दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा, आणि पूजा झाली की कॉम्प्युटरच्या डब्याच्या कुशीला जी गोल जाळी असते, तिच्या मोडलेल्या कडेतून आपट्याचं एक पान आत. वर्षाला एक. तिजोरीत सोनं ठेवतात तसंच. गुरुजींची कमाई त्या डब्यातूनच येत होती, त्यामुळे हिशेब बरोबरच होता.

मार्चच्या शेवटी मूर्तिजापूरचं एक कुटुंब आलं. मुलाची पत्रिका मांडली, मुलीची मांडली, गुरुजी एकेक ग्रह समजावून सांगत होते, आणि ऐन गुणमीलनाला पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला, मिनिटभरात पुन्हा काळा. आता दहा माणसांसमोर मशीन बिघडलं म्हणावं, तर उद्या लोक म्हणणार, यांच्या मशीनवर काढलेली आमची जुनी पत्रिकाही बिघडलेलीच असेल. गुरुजींनी डोळे मिटले, थोडा वेळ घेतला आणि म्हणाले की संकेत बरा दिसत नाही.

मूर्तिजापूरकर नमस्कार करून उठले. पंधरा दिवसांनी अकोटचे उठले. एकट्याची पत्रिका काढायला गेलं की मशीन गाईसारखं गरीब. दोघांची जुळवायला घेतली की बंद. एवढा पुरावा लोकांना पुरे झाला. गुरुजींच्या मशीनमध्ये काहीतरी आहे, अशी बातमी पसरली, आणि ती खरीच होती.

असं नव्हे की गुरुजींनी उपाय केले नाहीत. त्यांचा जुना विद्यार्थी विपुल याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. विपुल आला, मशीनकडे न बघता छताकडे बघत म्हणाला की रॅम कमी पडते. रॅम दुप्पट केली. मशीन बंद पडतच राहिलं. मग म्हणाला, हार्ड डिस्क जुनी झाली, एसएसडी टाकू. तीही टाकली. त्यानं एवढा फरक पडला की आधी मशीन रेंगाळत चालू होऊन बंद पडायचं, आता चटकन चालू होऊन बंद पडू लागलं. आता त्याचं म्हणणं होतं की ग्राफिक्स कार्ड बसवलं की ग्रह स्वच्छ दिसतील, नाहीतर सरळ नवीन मशीनच घ्यावं. दोन्ही वेळा त्यानं डबा उघडला होता. आतली पानंही पाहिली होती. पण गुरुजींनी आधीच बजावलं होतं की सोन्याला हात लावायचा नाही, आणि गुरूची आज्ञा मोडण्याचे संस्कार विपुलवर नव्हते. शिवाय उघडं मशीन चालू करून बघायची त्याला सवय नव्हती. तसं केलं की गिऱ्हाईकही आत बघतं.

अशा या मशीनसमोर चंद्रभान पाटील आपल्या पियुषची पत्रिका घेऊन आले. बाळापूरजवळची काळी जमीन, घरात ट्रॅक्टर, पियुषचं बाळापुरात बी-बियाण्याचं दुकान. मुलगी अमरावतीची, आकांक्षा. अमरावतीच्या कृषी महाविद्यालयात असताना पियुषचा लॅपटॉप चहा पिऊन मेला होता. तो घेऊन पियुष ज्या दुरुस्तीच्या दुकानात गेला, तिथे काउंटरच्या मागे आकांक्षा बसलेली होती. लॅपटॉप वाचला नाही. त्यानंतरही पियुष तीन वर्षं त्या दुकानात जात राहिला, त्यावरून घरच्यांनी काय ते ओळखलं. मुलगी पाहिली, आवडली, जातगोत बसलं. उरली पत्रिका.

पहिल्या बैठकीत मशीन बाराव्या मिनिटाला बंद पडलं. चंद्रभानजींनी आठवडा मागून घेतला. दुसऱ्या बैठकीत दहाव्या मिनिटाला. पियुषची आई मैनाबाई घरी येऊन देवापुढे बसून राहिल्या आणि जेवल्या नाहीत. चंद्रभानजींनी मग निकाल सांगितला: येत्या गुरुवारी तिसऱ्यांदा पाहू. चाललं तर नारळ देऊ, बंद पडलं तर अमरावतीले नाही म्हणून कळवू.

पियुषनं आकांक्षाला फोन केला. मुलगी रडेल अशी त्याची तयारी होती. ती विचारत सुटली. निळा पडदा येते का डायरेक्ट काळा? आवाज करते का? लगेच चालू होते का थांबावं लागते? पहिल्यांदा किती मिनिटं, दुसऱ्यांदा किती? बाहेर ऊन किती होतं?

"तुले लग्नाचं पडलं का कॉम्प्युटरचं?" पियुष वैतागला.

"सध्या कॉम्प्युटरचं," ती म्हणाली. "लग्न त्याच्यातच अडकून राहिलं ना."

मग तिनं त्याला समजावलं. रॅम खराब असती तर एकट्याच्या पत्रिकेलाही मशीननं त्रास दिला असता. डिस्क खराब असती तर फाइली उघडल्या नसत्या. ठरावीक मिनिटांनी, आणि ऊन वाढलं तसं आणखी लवकर बंद पडतं, याचा अर्थ आतला मेंदू तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वीज तोडतो. एकट्याची पत्रिका पाच मिनिटांत आटोपते, तापायला वेळच मिळत नाही. दोघांची म्हटली की गुरुजी अर्धा तास बोलतात.

"म्हणजे ग्रह नाही?"

"पंखा."

पियुषनं हे आईला सांगून पाहिलं. मैनाबाई म्हणाल्या, लग्नाच्या आधीच पोट्टी तुया तोंडून बोलून राहिली. त्यानं विषय सोडला.

गुरुवारी आकांक्षा वडिलांना घेऊन दोन तास आधीच अकोल्यात पोचली. वडील किशोरभाऊ सरळ माणूस. गुरुजींच्या ओट्यावर बसले आणि पेपर उघडला. गुरुजी बारा ते दोन झोपत. दार कुंदाताईंनी उघडलं. आकांक्षानं पाया पडून आपण कोण ते सांगितलं, आणि पर्समधून स्क्रूड्रायव्हर, ब्रश, चिमटा आणि मेंदू गार ठेवणाऱ्या पेस्टची लहानशी नळी काढून टेबलावर ठेवली.

कुंदाताईंनी एकदा त्या वस्तूंकडे पाहिलं, एकदा आतल्या खोलीतून येणाऱ्या घोरण्याकडे कान दिला. रॅम आणि एसएसडीमुळे त्यांचा नवा कूलर पुढच्या वर्षावर गेला होता. त्या म्हणाल्या, "कव्हर मळवू नकोस. बाकी कर काय करायचं ते."

आकांक्षानं डब्याची कूस काढली आणि विपुलनं कधी केलं नव्हतं ते केलं: मशीन उघडंच चालू केलं. तळाशी आपट्याची पानं, हळद, कुंकू, अक्षता. मधला पंखा थरथरत होता, फिरत नव्हता. त्याच्या पात्यात गेल्या दसऱ्याचं पान अडकलं होतं, देठासकट. हिवाळ्यात थंडीनं निभावून नेलं. मार्चपासून कोण निभावणार?

मशीन बंद करून तिनं चिमट्यानं ते पान ओढून काढलं, तेवढ्यात गुरुजी जागे झाले.

दारात उभं राहून त्यांनी आपलं उघडं मशीन पाहिलं, टेबलावर मांडलेली पानं पाहिली आणि कोण हात लावतंय असं विचारलं. आवाज वर्गातला होता. कुंदाताई म्हणाल्या की पाटलांची होणारी सून आहे, झालीच तर.

"बाई, ते सोनं आहे," गुरुजी म्हणाले. "दहा वर्षांचं."

"नऊ पानं तळाशी पडली होती, गुरुजी, त्यांनी काही केलं नाही. हे दहावं पंख्यात होतं." तिनं वायर जोडून बटण दाबलं. पंखा भरकन फिरला, कुंकवाचा एक लाल भपकारा उडून गुरुजींच्या पांढऱ्या बंडीवर बसला.

गुरुजी गणिताचे मास्तर होते. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते खुर्चीवर बसले आणि पंख्याकडे पाहू लागले. मग म्हणाले, "मूर्तिजापूरची मुलगी चांगली होती."

आकांक्षानं मशीन पुन्हा बंद करून धूळ झाडली, सुकून पापुद्रा झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि सहज सांगावं तसं सांगितलं की मशीन अजून पाच वर्षं जाईल, कार्डाची गरज नाही, फक्त चालू असताना कव्हर काढून ठेवायचं. कूस बसवून ती स्वयंपाकघरात कुंदाताईंच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पत्रिकेच्या बैठकीत मुलीनं बसायचं नसतं.

अडीच वाजता चंद्रभानजी, मैनाबाई आणि पियुष आले. किशोरभाऊ पेपर घडी करून आत आले. बाहेर पंचेचाळीस अंश. गुरुजींनी मशीन चालू केलं आणि ग्रह सांगायला सुरुवात केली, पण ग्रहांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. चंद्रभानजी भिंतीवरचं घड्याळ पाहत होते, मैनाबाई मशीनचा हिरवा दिवा. दहावं मिनिट गेलं. बारावं आलं तेव्हा मैनाबाईंनी पदर तोंडावर धरला. पंधरा झाले. वीस झाले. प्रिंटरनं खरखर करत कागद बाहेर टाकला आणि दिवा हिरवाच राहिला.

चंद्रभानजींनी पिशवीतून नारळ काढला.

गुरुजींनी कागद उचलला. छत्तीसपैकी सोळा. अठराच्या खाली गुरुजींनी आजवर कोणाला हो म्हटलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, सोळाच. मशीन आता बिनचूक होतं, हाच घोटाळा होता.

त्यांनी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आकांक्षा उभी होती. तिच्या हातातल्या स्टीलच्या ताटलीत आपट्याची दहा पानं नीट रचलेली होती. तिनं ताटली बाहेरच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी की नको, याचा विचार केल्यासारखं केलं.

गुरुजी तिच्यापेक्षा प्रामाणिक निघाले. त्यांनी घसा साफ केला.

"पाटील, मशीन चाललं हे खरं. पण गुण जे आले आहेत..."

"गुण मशीननं पाह्यले ना, गुरुजी?" मैनाबाई म्हणाल्या.

"पाहिले."

"दोन वेळा त्याले सहन झाले नाई, तं ते बंद पडलं. आज त्यानं सहन केले. आमी बी करू."

चंद्रभानजींनी मान हलवली. हिशेब त्यांना पटला होता. नारळ किशोरभाऊंच्या हातात गेला. पियुष खाली मान घालून जमिनीकडे पाहत होता, कारण वर पाहिलं असतं तर त्याला हसू आवरलं नसतं. कुंदाताई साखर घेऊन आल्या.

गुरुजींच्या हातात कागद तसाच होता. पोराचे गुण फळ्यावर लिहावेत की त्याला एकट्याला सांगावेत, अशा वेळी ते शाळेत जे करत तेच त्यांनी केलं: कागदाची चौघडी घातली आणि ज्याचे गुण होते त्याच्या हाती दिली. आकांक्षानं ती उलगडली, वाचली, आणि गुरुजींना वाकून नमस्कार केला.

त्यानंतरही दोन वाजता काही लोक येत राहिले. मशीन चालत राहिलं आणि ते निराश होऊन गेले. जूनपर्यंत गावात बोललं जाऊ लागलं की गुरुजींच्या मशीनमधलं ते काहीतरी आता गेलं, आता ते सगळ्यांनाच हो म्हणते. विपुलनं यावर ग्राफिक्स कार्डाचा उपाय पुन्हा सुचवला.

नऊ पानं गुरुजींनी देव्हाऱ्यात ठेवली. पंख्यातलं दहावं, मधोमध चिरलेलं, आकांक्षानं मागून घेतलं होतं. त्याच दिवशी अमरावतीच्या बसमध्ये तिनं ते सोळा गुणांच्या कागदात गुंडाळून स्क्रूड्रायव्हरच्या कप्प्यात घातलं. किशोरभाऊंनी विचारलं, कशाला जपून ठेवतेस? ती म्हणाली, बाबा, खराब झालेला पार्ट गिऱ्हाइकाले दाखवाले ठेवा लागते.