शटरच्या आत

मुंगी जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणू लागले. आता तेराव्या वर्षी ती आईपेक्षा उंच झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. सॉफ्टबॉलमध्ये ती पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. खांद्यातून हात गर्रकन पूर्ण फिरवून कमरेखालून चेंडू सोडायची, आणि समोरची मुलगी बॅट उचलेपर्यंत तो कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसलेला असे. शाळेतल्या खेळाच्या बाई म्हणाल्या, "हिला आता पिचिंग शिकवणारं खास कुणीतरी बघा. माझ्या हाताबाहेर गेली ही."

मुंगीची आई शहर बस चालवायची. भरलेली बस घेऊन घाटासारखा उतार ती बिनधास्त उतरायची. पण पिचर बॅटरच्या अगदी समोर उभी असते आणि मारलेला चेंडू सरळ तिच्या तोंडावर येऊ शकतो हे कळल्यापासून, मुंगी मैदानात उतरली की आईला तिच्याकडे बघवायचं नाही. म्हणूनच तिने चौकशी करकरून सगळ्यात नावाजलेला माणूस शोधला. सर म्हणूनच सगळे त्याला ओळखत. त्याच्या हाताखालच्या मुली मोठमोठ्या संघांत होत्या. शहराबाहेरच्या एका जुन्या गोदामात तो रविवारी शिकवायचा. अट एकच.

"पालकांनी बाहेर थांबायचं. आई-बाप दिसले की पोरी लाडात येतात."

आईला ते पटलं. तिच्या बसमध्येही आयांसमोरच पोरं जास्त रडायची.

महिन्याभरात मुंगी चेंडू आणखी जोरात टाकू लागली आणि बोलायची कमी झाली. शनिवारी संध्याकाळी ती हळूच विचारायची, "उद्या आपली गाडी बंद पडली तर?"

"तर दुसऱ्या गाडीने जाऊ," आई हसून म्हणायची.

रविवारी सकाळी मुंगीच्या घशाखाली घास उतरेना. दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग दिसले. "पडले," ती म्हणाली. बाप म्हणाला, "अगं, खेळात लागायचंच." पण त्या दिवसापासून स्टिअरिंग धरल्यावर आईला ते डागच दिसायला लागले.

एका रविवारी आईची बसवरची ड्यूटी लवकर संपली आणि मुंगीला न्यायला ती ठरल्या वेळेच्या आधीच गोदामाशी पोचली. शटर खाली ओढलेलं. आतून चेंडूचा आवाज येत होता, पण नेहमीचा नव्हे. ग्लोव्हमध्ये बसणारा चेंडू थप् असा वाजतो. हा पत्र्यावर आदळत होता. धाड. मग शांतता. परत धाड. मग कुणीतरी बारीक आवाजात कण्हलं आणि एकदम गप्प झालं.

आईने शटर उचलायला पाहिलं, ते आतून बंद. मुंगीला फोन लावला, तो कुठेतरी आत वाजून वाजून थांबला. बाजूला लोखंडी दार होतं. त्याच्या फटीला तिने डोळा लावला.

चार मुली पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. हात पाठीमागे बांधल्यासारखे. तोंडावर संरक्षणाची जाळी नाही, काही नाही. समोर सर, पायाशी चेंडूंची बादली. तो एकेक चेंडू उचलून मुलींच्या कानाजवळून, खांद्याजवळून फेकत होता. मधेच एखादा अंगाला लागत होता.

"डोळे मिटले? पुन्हा पहिल्यापासून," तो शांतपणे म्हणाला. ओरडत नव्हता, याचीच जास्त भीती वाटली.

शेवटची मुलगी मुंगी होती.

आईला हाक मारायची होती, पण ती फटीला डोळा लावून तशीच उभी राहिली. पुढचा चेंडू मुंगीच्या गालाला चाटून गेला तेव्हा कुठे तिच्यात जीव आला. तिने दारावर दोन्ही मुठींनी असे बुक्के घातले की आतला अडसर खिळखिळा होऊन निघाला.

"बाई, बाहेर!" सर म्हणाला. "भीती अशीच मोडावी लागते. तुम्हाला पिचर हवीय की शोकेसमधली बाहुली?"

"मुंगे, बॅग घे. चल."

मुंगी हलली नाही. तिने आईकडे पाहिलंच नाही. तिने सरांकडे पाहिलं, जाऊ का, असं.

आई चालत गेली, लेकीचे पाठीमागचे हात सोडवून आपल्या हातात घेतले. गार पडले होते ते. दार सताड उघडं ठेवून ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि बाकीच्या तिघींकडून नंबर घेऊन त्यांच्या घरी फोन केले. दोघींच्या आया धावत आल्या. तिसरीचे वडील फोनवरच म्हणाले, "सरांना कळतं काय करायचं ते. तुम्ही नका पडू मध्ये." ती मुलगी पुन्हा भिंतीकडे वळली. आईने तिचंही मनगट धरलं आणि वडील येईपर्यंत सोडलं नाही. ते आले आणि आईवरच डाफरले.

खेळाच्या बाईंच्या कानावर आईने सगळं घातलं, त्यांनी खेळाच्या संघटनेकडे तक्रार केली. त्या रात्री सरांचा फोन आला. "तुमच्या मुलीला आता कुठला संघ घेतो ते बघतोच." मग कित्येक दिवस फोन वाजला की आई दचकायची. मुंगी आधी तिच्याशी बोलेना. "सगळं बिघडवलंस," एवढंच म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडली. रडता रडताच म्हणाली, "लवकर का नाही आलीस?"

आई तेलाची वाटी घेऊन आली आणि तिच्या दंडावरच्या डागांना लावत बसली.

मुंगीला पुन्हा कुणाच्या हवाली करायचं म्हटलं की आईला धडकी भरायची. पण पंधरवड्यातच मुंगी अंगणात एकटी हात फिरवताना दिसली. दुसऱ्या शाळेची एक पिचर होती, टाकलेला चेंडू चुकला तरी हसणारी. आईने तिच्या आईला गाठलं. "हिला कोण शिकवतं हो?"

शिकवणाऱ्या बाई चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या आणि स्वतः कधी पिचर नव्हत्याच. आयुष्यभर कॅचर. "टाकणाऱ्यापेक्षा झेलणाऱ्याला जास्त दिसतं," त्या म्हणाल्या. शिकवायच्या उघड्या मैदानात, आणि आईला त्यांनी स्वतःहून खुर्ची दिली.

"आधी सांग, कुठे दुखतं?" त्यांनी मुंगीला विचारलं. मुंगीने खांदा दाखवला. बाईंनी त्या दिवशी एकही चेंडू टाकू दिला नाही.

पुढे खांदा बरा झाल्यावर त्यांनी मुंगीच्या तोंडाला जाळी चढवली आणि मऊ चेंडू हलकेच तिच्याकडे मारला. मुंगी मटकन खाली बसली, हात आपोआप पाठीमागे गेले. आई खुर्चीतून उठली. बाईंनी बॅट टाकून दिली.

"आज इतकं पुरे."

"शिक्षा काय?" मुंगीने विचारलं.

"कसली गं शिक्षा? पाणी पी."

काही आठवड्यांत मुंगी तो मऊ चेंडू अडवू लागली. पुढच्या सामन्याला आई कुंपणाची जाळी धरून उभी होती. शाळेच्या संघातून मुंगीला कुणी काढलं नव्हतं, पण सर कुठून तरी बघत असेल, या धास्तीने आई सारखी मागे वळून पाहत होती. तेवढ्यात बॅटचा आवाज झाला आणि चेंडू सरळ मुंगीच्या तोंडावर आला. मुंगीचा ग्लोव्ह वर गेला. चेंडू त्यावर आपटून खाली पडला, तिने तो उचलला, धडपडत पहिल्या बेसकडे फेकला. बॅटर बाद.

मुंगी तोंडावरची जाळी वर करून कुंपणाजवळ आली. ओठ पांढरेफटक पडले होते.

"आई, मी केवढी घाबरले!" ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली.

"मी पण," आई म्हणाली. तिची बोटं अजून कुंपणाच्या जाळीतच घट्ट रुतली होती.

"मग घरी जायचं का?"

"तुला जायचंय?"

मुंगीने मैदानाकडे पाहिलं, जाळी पुन्हा तोंडावर ओढली आणि चेंडू मागायला हात पुढे केला.