तारखेची पाऊणपट

फेब्रुवारीच्या बारा तारखेला, बुधवारी सकाळी आठ वाजता, राई गावात नाथाकाकांच्या दारात एक पांढरी सात सीटर गाडी येऊन थांबली. आतून जितेश दोन टोप्या घेऊन उतरला. टोप्यांवर 'जितेश टूर्स : खासगी, निवांत' असं छापलेलं होतं. गाडी मेव्हण्याची होती. टोप्या स्वतःच्या होत्या.

जितेश नवघरचा. घराणं रत्नागिरीकडचं, पण तो जन्मला भाईंदर पूर्वेत, आणि समुद्राशी त्याचा संबंध शाळेच्या सहलीपुरता. चार महिन्यांपूर्वी कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी सोडून त्याने उत्तनच्या किनाऱ्यावर एका दिवसाच्या खासगी सहली सुरू केल्या होत्या. एका वेळी एकच कुटुंब, दारातून उचलायचं, दारात सोडायचं. चार महिन्यांत सहली झाल्या दोन. कारण साधं होतं. उत्तनला गाडी कोणीही नेतं, त्यासाठी गाइड कशाला? संध्याकाळी खाडीत होडीची फेरी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तीन कुटुंबांनी तसं स्पष्ट कळवलं होतं : होडी असेल तर येतो, नसेल तर राहू दे.

होडी नाथाकाकांकडे होती. काका साठीचे, पिढीजात मच्छीमार. जितेशने त्यांना तीनदा विचारलं. परवाना, लाइफ जॅकेट, सगळं मी बघतो, म्हणाला. पहिल्या दोन वेळा काकांनी चहा पाजला. तिसऱ्यांदा म्हणाले, "आधी मना फिरव. गिऱ्हाईक फिरवतोस तसा. मंग सांगतंय, होडी देतो का न्हाय."

म्हणजे आज परीक्षा होती, आणि परीक्षक आयुष्यभर त्याच पाण्यात वावरलेला होता.

"काका, आज तुम्ही पाहुणे," जितेश म्हणाला. "काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. गिऱ्हाईकाने फक्त एन्जॉय करायचं."

"बरं," काका म्हणाले आणि टोपी घातली.

मंदामावशी, म्हणजे काकांची बायको, गजऱ्याला धक्का न लावता टोपी कशी बसवावी याचा थोडा वेळ विचार करत राहिली. शेवटी ती तिरकी बसली. मावशी तीस वर्षं भाईंदरच्या बाजारात मासळी विकते. पहाटे चारला उत्तनला जाऊन माल घ्यायचा, सातला पाटीसमोर बसायचं. आज तिने सुट्टी घेतली होती आणि ती लग्नाला जावं तशी नेसली होती. ती पुढच्या सीटवर बसली. काका मागे.

"बंटी नाही आला?" जितेशने त्यांच्या मुलाची चौकशी केली.

"होडीवर गेलाय. आज पाणी चांगलं हाय," काका म्हणाले.

जितेशने हे शुभेच्छा म्हणून घेतलं.

गाडी निघाली आणि कॉमेंट्रीही निघाली. "आता आपण मोरवा गावातून जातोय. इथले मूळ रहिवासी शेती आणि मासेमारी करतात. अतिशय प्रेमळ माणसं."

"माजं म्हायेर हाय ते," मावशी म्हणाली.

"माहितीये मावशी, पण पाहुण्यांना सांगावं लागतं ना."

"मंग नीट सांग. माज्या भावाच्या दारावरनं गेलास, थांबला पन न्हाय. वर म्हनतो प्रेमळ."

पुढच्या वळणावर त्याने गाडी बाजूला घेऊन वेलकम ड्रिंक दिलं. ते कोकम सरबत होतं. सोबत डब्यात साबुदाण्याची खिचडी.

काकांनी खिचडीकडे पाहिलं. "सकाळी सकाळी उपास?"

"आईचा आहे. तिने सगळ्यांसाठीच केली."

"कसला उपास?"

"पौर्णिमेचा."

काकांनी चमचा डब्यात ठेवला. खिडकीतून बाहेर पाहिलं, मग जितेशच्या मानेकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि खिचडी खायला लागले.

इथे एक हिशेब सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की जो आकडा येतो, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा सव्वाअकरा. त्यानंतर सहा तास पाणी ओसरतं. हे नाथाकाकांनी नोव्हेंबरात जितेशला जाळं शिवता शिवता सांगितलं होतं, आणि जितेशने ते बरोबर ऐकलं होतं. फक्त तिथी रोज कोण बघत बसणार? मोबाईलवर तारीख दिसते. जुने लोक तिथी म्हणतात, आपण तारीख म्हणू, असं त्याने ठरवलं आणि पाऊणपट तारखेची करायला सुरुवात केली.

दुर्दैव असं की ते जमलं. नोव्हेंबर आणि डिसेंबरात अमावस्या एक तारखेला पडली होती, त्यामुळे तारीख आणि तिथी एका दिवसाच्या फरकाने बरोबरच चालत होत्या. दोन्ही सहलींत भरती त्याने सांगितलेल्या वेळेच्या आसपास आली. पाहुण्यांनी कौतुक केलं. एकाने तर हे ज्ञान वडिलोपार्जित आहे का, असं विचारलं. जितेशने नाही म्हटलं नाही.

आजची बारा तारीखही त्याने मुद्दाम निवडली होती. बाराला चाराने भाग जातो, अपूर्णांक येत नाही. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती संपली, आता तीनपर्यंत पाणी मागे मागे जाणार.

साडेनऊला ते चौकच्या टेकडीखाली, किनाऱ्यावर पोचले. बांबूंवर बोंबील सुकत होते आणि वास असा होता की जितेशने काच वर केली. मावशीने ती खाली केली. जितेशने गाडी डांबरी रस्त्यावर न थांबवता थेट ओल्या वाळूवर नेली. पाहुण्यांना फोटोत गाडीच्या मागे लाटा लागतात. पाणी पन्नासएक पावलांवर होतं.

"बघा काका, पाणी मागे जातंय."

काका उतरून उभे राहिले. "जातंय?"

"हळूहळू."

मावशी तोवर टेकडीकडे बघत पुढे निघाली होती. काकांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा चाकांकडे, मग टोपी सारखी केली आणि तिच्या मागे चालू लागले. गिऱ्हाईकाने काही बोलायचं नव्हतं.

टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथे जितेशचा खास मजकूर होता. एका पडक्या भिंतीपाशी थांबून त्याने आवाज खाली आणला. "इथून एक गुप्त भुयार निघतं. थेट वसईच्या किल्ल्यात."

"मधी खाडी हाय," काका म्हणाले.

"खाडीखालून."

"मंग पाणी कुठं जातं?"

"भुयार पक्कं बांधलंय."

"आनि त्यात हवा?"

"काका, गिऱ्हाईक इतकं विचारत नाही."

"मी विचारला असता त मासळी विकली नसती का बायकोने," काका म्हणाले. या वाक्याचा अर्थ जितेशला लागला नाही. मावशीलाही लागला नाही. पण काका खूश दिसले.

मग ते टेकडीच्या कडेला आले, जिथून खालचा सगळा किनारा दिसतो. रंगीत होड्या, वाळूची पट्टी, लांबवर पाण्यात उभे असलेले जाळ्यांचे खुंट. मावशी एका दगडावर बसली आणि बसूनच राहिली. जितेशने पुढचा कार्यक्रम पाहिला. या जागेला सात मिनिटं होती.

"मावशी, निघूया?"

"बस रे."

तो बसला.

"तीस वर्सं खाली येतंय," मावशी म्हणाली. "काळोखात यायचं, पाटी भरायची, रिक्शा पकडायची. ह्ये वरनं असं दिसतं ते मना ठाऊकच न्हाय." मग नवऱ्याकडे वळून, "तुमी कवा आनलं न्हाय."

"मी खाली पान्यात असायचो," काका म्हणाले.

"हां. तुमी कायम पान्यातच."

जितेशकडे या जागेसाठी आणखी एक गोष्ट तयार होती, एका पोर्तुगीज कप्तानाची आणि त्याच्या खजिन्याची. ती त्याने सांगितली नाही. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. मावशी तिथे चाळीस मिनिटं बसली आणि कार्यक्रम कोलमडला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ते खाली आले. गाडी समुद्रात होती.

म्हणजे अगदी समुद्रात नाही. पाणी मागच्या चाकांच्या अर्ध्यावर होतं, पुढची चाकं वाळूत रुतली होती आणि प्रत्येक लाटेबरोबर गाडी थोडी डावीकडे बसत होती. जितेशने पँट वर न करताच पाण्यात धाव घेतली, गाडी सुरू केली आणि रेस दिली. चाकांनी जागच्या जागी दोन खड्डे खणले. तो उतरला.

"नऊला भरती संपली होती," तो म्हणाला. "बारा पाऊणे नऊ."

"बारा कसले?" काकांनी विचारलं.

"तारीख. बारा."

मच्छीमाराच्या घरात सहा वर्षांचं पोरही अशी चूक करत नाही. केली तर त्याचं पुढे काय करायचं, हे कोणाला माहीत नसतं.

"तिथीची रं. आज पुनव हाय. उधानाचं पानी. सव्वाअकराला भरंल, अजून बोटभर चढंल."

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"तुज्या आयशीलाबी माहीत हाय. खिचडी केलीन."

"मग बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाईक हाय मी. तूच बोललास, बोलायचं न्हाय."

मावशीने टोपी काढली. नवऱ्यावर आवाज चढवायचा असला की ती डोक्यावर काही ठेवत नाही. "पोराच्या मेव्हन्याची गाडी हाय ती. तुमाला सकाळपास्नं ठाऊक, आनि तुमी वर बसून मजा बघत व्हते?"

"मी पानी बघत व्हतो. बुडनार न्हाय येवढं बघूनच वर आलो."

"मोठे आले पानी बघनारे. काढा ती आता."

काकांनी चपला काढल्या. वाळूत जाळी शिवत बसलेल्या माणसांपैकी एकाला हाक मारली. त्याचं नाव रोशन, काकांच्या ओळखीतला.

"नाथाभाऊ, टोपी झकास हाय," रोशन तिथूनच म्हणाला.

"दोर आन. आनि मानसं."

होडी ओढायचा जाड दोर आला आणि चौदा माणसं आली. काकांनी पाण्यात वाकून दोर गाडीला बांधला, पुढच्या चाकांखाली लाकडाचे ओंडके टाकले, होडीखाली टाकतात तसे. जितेशला स्टिअरिंगवर बसवलं आणि सांगितलं, हात लावू नकोस. मग ते बाजूला उभे राहिले आणि त्यांनी लाट मोजायला सुरुवात केली. लाट आत येऊन गाडीला जरा उचलायची, त्या क्षणी ते हाळी द्यायचे आणि चौदा जण एकदम ओढायचे. लाट परतताना सगळे स्वस्थ. जितेश आत बसून एवढंच बघत होता की हा माणूस गाडी समुद्राकडूनच ढकलून घेतोय.

किनाऱ्यावर मीरा रोडहून आलेलं एक कुटुंब फिरत होतं. त्यांनी व्हिडिओ सुरू केला. गाडी सातव्या लाटेला कोरड्या वाळूवर आली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले गृहस्थ गाडीवरचा स्टिकर वाचत जवळ आले. "भैया, ये पैकेज में है क्या?"

"है," जितेश म्हणाला. पँटीतून पाणी गळत असतानाही तोंड सवयीने चाललं. "लेकिन सिर्फ पूर्णिमा को."

रोशन हसला. काका हसले नाहीत. त्यांनी दोर गुंडाळून रोशनला परत केला, सगळ्यांना चहा सांगितला आणि जितेशला बाजूला घेतलं.

"होडी देत न्हाय," ते म्हणाले.

जितेशने मान हलवली. त्याने तीन कुटुंबांची नावं मनात एकदा म्हटली, जणू निरोप घेत होता.

"रागाने न्हाय सांगत. गाडी वाळूत व्हती, ओढून काडली. खाडीत होडी चिखलावर बसली, आत लोकांची पोरं असली, तवा तू त्यांना असंच कायतरी मजेचं बोलशील. तुजं तोंड चांगलं चालतं. त्याचीच मना भीती वाटते."

"मी तिथी शिकतो काका. एका महिन्यात."

"शीक. तरी या साली न्हाय."

जितेशने वाकून पँटचे ओले पाय पिळले.

मावशी चहाचा ग्लास घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"होडी ह्यांची, ह्ये काय ते करतील," ती म्हणाली. "पन मना गाडी पायजे. बाजारातल्या आमी अकरा जनी हाव. सगळ्या काळोखात खाली येतो, उजेडात वर कोन गेली न्हाय. त्यांना त्या दगडावर न्ह्यायचं."

"मावशी, गाडीत सहाच पाहुणे बसतात."

"दोन दिस ने. पुडच्या बुधवारी आनि बेस्तरवारी. तेवा भांग हाय, पानी जोर करत न्हाय, मासळी लागत न्हाय. बाजारात बसून माश्याच मारायच्या."

"होडी नसली तरी चालेल?"

"आमी होडीत बसायला तुज्याकडं येनार?" मावशी म्हणाली. "आनि त्या कडेवर घड्याळ काडायचं न्हाय. ज्याला जितकं बसायचं तितकं बसंल. भुयाराचं सांगू नको, इंदुबाईला खोटं चालत न्हाय, तोंडावर बोलते."

काका चहा फुंकत होते. "मंग मी येऊ त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"तुमी कशाला? बायकांचं हाय."

"पान्याची येळ कोन सांगंल?"

"तुमी आजबी व्हते की," मावशी म्हणाली.

काकांनी ग्लास संपवला आणि चपला शोधायला गेले. मावशी जितेशकडे वळली. "लिवून घे. सरूबाईला पुडं बसव. मागं बसली त तिला मळमळतं, मंग सगळ्यांची वाट लावते."

जितेशने खिशातून भिजलेली डायरी काढली, कोरडं पान शोधलं आणि लिहून घेतलं.