बिनवासाची बावची

बीकरच्या तळाशी पांढऱ्या सुया... म्हणजे स्फटिकच, सुयांसारखे बारीक, आणि या वेळी भरपूर. पूनमने बीकर पुन्हा उजेडात धरला. बावचीच्या बियांत कोडावरचं जे औषध असतं, ते ती बियांशिवाय, प्रयोगशाळेत घडवत होती. शेवटच्या टप्प्यात दर वेळी निम्मा माल करपून त्याचा काळा डिंक व्हायचा. आज आच मंद ठेवली, कॅटलिस्ट बदलला — आणि डिंक नाहीच. साधलं एकदाचं! प्रयोगशाळेचे प्रमुख शिवयोगी सर दारातूनच छान म्हणाले, आणखी दोनदा करून बघा म्हणाले, आणि मीटिंगला गेले. झालं, एवढंच कौतुक. आता सांगायचं कुणाला? सोलापुरात, भवानी पेठेतल्या भाड्याच्या खोलीत तर नुसत्या भिंती.

तिने वास घेतला. काहीच नाही. बावचीला केवढा उग्र वास... सांगोल्याला अंगणात आई ती शेळीच्या दुधात उगाळायची, पूनमच्या डाव्या मनगटावरच्या पांढऱ्या डागावर थापायची, उन्हात बसवायची, आणि पोरीने हात मागे घेऊ नये म्हणून तिची बोटं घट्ट धरून स्वतःही उन्हात बसायची. एकदा टरारून फोड आले, तर आईला कोण आनंद! औषध लागलं म्हणे, बस अजून थोडं. भाजलं होतं गं आई, नुसतं भाजलं होतं — हे कळायला मला एम.एस्सी. व्हावं लागलं. तरी राग येत नाही, हीच तर पंचाईत. कारण त्यानंतर हा हात कुणी धरलाच नाही. फुगडीला मुली दुसरी जोडीदारीण शोधायच्या, लग्नाची बोलणी बाहीपाशी येऊन थांबायची, आणि इथं काय, हातमोजेच.

तिने घरी फोन लावला. माल चांगला निघाला, आता वाया जात नाही, असं ती बराच वेळ सांगत राहिली. आईने सगळं ऐकून घेतलं.

"आन् तुझा हात?"

"आहे तसाच."

"उनात बसतीस का न्हाय? एकटीला बसवत नसंल की."

शेळ्या सोडायच्यात म्हणून आईनेच फोन ठेवला.

तिने डाव्या हाताचा मोजा काढला. घामाने बोटं सुरकुतली होती. खिडकीतून टेबलावर सोलापूरचं ऊन आलं होतं, त्यात तिने हात ठेवला — लेप नाही, औषध नाही, उगाच. डाग तिथंच होता, राहीना का. ऊन चटके देऊ लागलं तरी तिला हात मागे घ्यावासा वाटेना, आणि मग तिला दिसलं, की बोटं आपोआप थोडी उघडी राहिलीत... कुणीतरी धरावीत अशी. इतकी वर्षं ती अशीच राहत असतील का?