इंजिनमधली धूय

नांगर काळ्या रानात उतरला की ट्रॅक्टर दम सोडायचा. रिकामा असला तर धुरळा उडवत पळायचा. पण फाळ खोल गेला की आवाज जड व्हायचा, धूर यायचा आणि इंजिन गपकन बंद पडायचं.

"तू गियर चुकाडस," अभिमन म्हणाला.

"मंग तू बस ना, भाऊ," म्हणत सुकदेव उतरला.

अभिमन बसला. तेच झालं.

वैशाख सरत आला होता. दोघा भावांनी बैल विकून तो जुना, छोटा ट्रॅक्टर घेतला होता. आपलं रान नांगरायचं, मग शिवारात भाड्यानं फिरायचं, एवढ्या भरवशावर धाकटा सुकदेव सुरतेची मिल सोडून आला होता. तिथल्या कोंदट खोलीत त्याची बायको बेबाबाई वाळून गेली होती. इथं आल्यापासून तिच्या अंगावर जरा मूठभर मांस दिसत होतं.

भावांनी डिझेलचा फिल्टर बदलला. नळीतली हवा काढली. ब्रेक घासतो काय म्हणून चाक उचलून फिरवलं, तर ते मोकळं फिरलं. शेवटी दोंडाईच्याहून रमजान मिस्तरीला आणलं.

रमजाननं हँडल लावून इंजिन फिरवलं. ते कसलाच जोर न लावता फिरलं. त्यानं सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, पुन्हा फिरवलं. आता हँडल अडायला लागलं; आतली झीज ऑइलनं तेवढ्यापुरती भरून काढली होती. त्याचा चेहरा उतरला. हवेच्या फिल्टरकडून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप त्यानं हातात वाकवला. आवळायच्या पट्टीखाली तो चिरला होता, आत पिठासारखी धूळ.

"अठून धूय गई," रमजान म्हणाला. "फिल्टर सोडीसन सरळ इंजिनमा. रिंगा घसी गयात, सिलिंडर घसी गया. जोर कोठून येई?"

"मंग नवं टाक ना," अभिमन म्हणाला.

"टाकतू. पन ही कंपनी बंद पडेल शे. मांगला वर्साले दुसरा गिऱ्हाइककरता सगळा दुकानं फिरी उनू. धुळाले नई, सुरतले नई. सामान भेटतच नई."

दोघं त्या चिरेकडं बघत राहिले. दोघंही त्याच सीटवर बसले होते, पट्टीखाली कुणीच बघितलं नव्हतं. भांडायलाही काही उरलं नाही.

ओट्यावरून बेबाबाईनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि पेटीत कपडे भरायला लागली.

"अजून चार दिवस थांबा," अभिमन दारातून म्हणाला.

"थांबीसन काय करशू, भाऊ?" सुकदेव म्हणाला.

अभिमननं त्यांना सुरतेच्या गाडीसाठी दोंडाईच्याच्या स्टेशनला त्याच ट्रॅक्टरनं, मागे ट्रॉली जोडून नेलं. नाल्याच्या चढावर एक पेटी, दोन माणसं एवढंही ओझं ओढेना. सुकदेव आणि बेबाबाई उतरले आणि मागून ट्रॉली ढकलत वर आले.

स्टेशनाबाहेर अभिमन खाली उतरला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर इंजिन बंद पडलं असतं आणि तापल्यावर पुन्हा चालू झालं नसतं. सुकदेव पेटी खांद्यावर घेऊन सीटजवळ आला. काहीतरी म्हणाला. इंजिनच्या आवाजात अभिमनला एकही शब्द ऐकू आला नाही.

"हां," तो म्हणाला.

दोघं आत गेले. गाडी आली, गेली. अभिमन तसाच पाय दाबून बसून होता.