पेत्रोव्हदेनच्या आधीचं सफरचंद

दाफिनाच्या जिभेला हाड नाही असं सगळं गाव म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं. पण आज ती आसेनसमोर गोड हसत बसली होती, आणि आत तिचं काळीज तुटत होतं.

आसेन म्हणजे तिच्या लेकाचा, ल्युबेनचा, तळावरचा जोडीदार. दोघंही हवाई दलाचं हेलिकॉप्टर उडवायचे. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात डोंगरावरचं जंगल पेटलं, तेव्हा ल्युबेन पाणी टाकायला धुरात शिरला तो बाहेर आलाच नाही. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा! आसेन मागच्या हेलिकॉप्टरमध्ये होता. तेव्हापासून दर वर्षी पेत्रोव्हदेनच्या, म्हणजे संत पेत्राच्या सणाच्या आदल्या दिवशी तो येतो. फाटकावरचा ल्युबेनच्या फोटोचा, उन्हानं विटलेला स्मरणाचा कागद काढतो, नवा चिकटवतो आणि कॉफी घेऊन जातो.

यंदा त्याच्या बायकोनं केक दिला होता. अक्रोडाचा असेल म्हणून दाफिनानं अख्खा तुकडा खाल्ला, वर आणखी घेतला. मग तो कौतुकानं म्हणाला, "सासऱ्यांच्या झाडाची या वर्षीची पहिली सफरचंदं किसून घातलीत, मावशी."

शहरात वाढलेलं पोर, त्याला काय ठाऊक! गावात मात्र शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जिचं लेकरू गेलं, तिनं पेत्रोव्हदेनला चर्चमध्ये सफरचंदं वाटेपर्यंत नवं सफरचंद तोंडात घालायचं नाही. त्या दिवशी वर स्वर्गात संत पेत्र गेलेल्या मुलांना सफरचंदं वाटतो, आणि ज्याच्या आईला दम निघाला नाही त्याचे हात रिकामे राहतात. हे तान्ह्या बाळांचं असतं, तुझा तर कॅप्टन होता, असं बायकांनी तिला सांगून पाहिलं होतं. तिनं त्यांना घरचा रस्ता दाखवला. आईला कॅप्टन काय नि तान्हा काय!

आसेनला ती काही बोलली नाही. त्याच्या जिवाला आणखी घोर कशाला? फाटकापर्यंत गेली, त्याच्या गालावरून हात फिरवला. गाडी वळली आणि ती तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडली.

तिचा नवरा त्सान्को गोठ्यातून आला. जन्मभर सहकारी शेतीचा ट्रॅक्टर चालवलेला माणूस. देव आणि संत त्याच्या लेखी सगळं थोतांड. तिच्या या नेमाची तो दर वर्षी टर उडवायचा. वर तिच्या डोळ्यांदेखत झाडाखालची सफरचंदं खिशात भरून गोठ्यामागे जायचा. बाप असून चार दिवस कळ निघत नाही म्हणून तिनं त्याला वाट्टेल तसं झोडपलं होतं. आता त्याच्यापुढेच कबूल करायची वेळ आली.

"कर चेष्टा," ती म्हणाली. "मी खाल्लं. सगळी पोरं ओंजळ भरून घेतील आणि माझा ल्युबेन नुसता बघत उभा राहील."

त्यानं चेष्टा केली नाही. शेजारी टेकला. ल्युबेननं तरी कधी पेत्रोव्हदेनची वाट पाहिली होती, म्हणाला. हिरवीगार सफरचंदं मीठ लावून खायचा आणि पोट धरून बसायचा. ते खरंच होतं. मोठा झाला तरी खोड गेली नाही. घरावरून इतकं खाली हेलिकॉप्टर आणायचा की कोंबड्या अंडी घालायच्या बंद व्हायच्या, आणि दाफिना पळी घेऊन अंगणात धावायची, एका हातानं धमकावत, दुसऱ्यानं टाटा करत. आठवून तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी रडू आलं.

त्सान्कोनं टोपी काढून हातात उलटसुलट केली.

"माझं चालेल का गं?"

"तुझं काय?"

"मी नाही खाल्लं. तो गेल्यापासून एकदाही नाही. ती सफरचंदं गाढवाला घालतो मी."

बापाचा नेम धरतात की नाही, हे दाफिनाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आजवर कुठल्या बापाला कुणी विचारलंही नसेल.

"मग मला शिव्या का घालू दिल्यास, म्हाताऱ्या?"

"शिव्या देताना तू रडत नव्हतीस."

सणाच्या सकाळी सफरचंदांची टोपली तिनं त्याच्याच हातात दिली. लग्नानंतर चर्चची पायरी न चढलेला त्सान्को पोरांच्या घोळक्यात सफरचंद हातात धरून खांबासारखा उभा राहिला. काय म्हणायचं असतं ते त्याला सुचेना.

"ल्युबेनसाठी, म्हण," मागून ती हळूच म्हणाली.

त्याला ते दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.