इथलिनचा दगड

"काय कप्तान, या खेपेला तरी नेणार का बायकोला, की मीच सांभाळू?"

ऑगस्टिनची होडी अजून धक्क्याला लागलीही नव्हती. किल्ल्याच्या आडोशाला वारा पडला, म्हणून शीड उतरवून तो एकटाच वल्हं मारत होता. सेंट जॉर्जेसच्या या जुन्या बंदरात कॅरियाकू बेटावरून शिडाच्या होडीने येणारा आता तोच एक उरला होता. बाकीचे फेरीबोटीने येत.

"आधी दोर धर, मग जीभ चालव!" तो ओरडला.

लॉटी पाथरवटाने दोर धरून खुंटाला बांधला. "जीभ चालवू नको तर काय करू? तिचा दगड कोरून तीन वर्षं झाली. अंगणात कोंबड्या बसतात त्याच्यावर. इथलिनला कोंबड्यांचा किती तिटकारा, विसरलास?"

ऑगस्टिनला हसू फुटलं. दर खेपेला त्याची काही ना काही सबब असे. कधी समुद्र खवळलेला, कधी होडीत जागा नाही. खरी गोष्ट वेगळीच होती. बेटावरचा रिवाज असा, की दगड घरी न्यायचा, पांढऱ्या चादरीखाली पलंगावर ठेवायचा, गावजेवण घालायचं, ढोल वाजवायचे आणि मग तो कबरीवर बसवायचा. एकदा तो बसला की गेलेलं माणूस घरात घुटमळत नाही. ऑगस्टिनला तर ते घुटमळणंच हवं होतं. रोज सकाळी तो अजून कोकोचे दोन पेले भरत होता. एवढ्या मोठ्या घरात दुसरं होतं कोण?

"लेक येतेय लंडनहून," तो खाली बघत म्हणाला. "आई रोज तिच्या स्वप्नात येते. म्हणते, उभी राहून पाय दुखले, मला बसायला दगड द्या."

"आणि तुझ्या स्वप्नात?"

"माझ्या येतच नाही रे. रागावलीय."

लॉटीने हमालांना हाक मारली.

चौघांनी दगड होडीत उतरवला. "मधे ठेवू ना, कप्तान?"

"नको. मागे, माझ्याजवळ."

"अरे बाबा, मागून जड होईल होडी!" लॉटी म्हणाला.

"होऊ दे."

बाकाखालून त्याने धुतलेली पांढरी चादर काढली. तीन वर्षं प्रत्येक खेपेला ती त्याच्याबरोबर आली होती आणि तशीच परत गेली होती. ती दगडावर पसरून त्याने रिवाजाप्रमाणे वर थोडी रम शिंपडली.

किल्ला मागे पडला तशा लाटा उठल्या. इथलिनला पाण्याची भारी भीती. जन्मभर खलाशाचा संसार केला, पण त्याच्या होडीत तिने कधी पाऊल टाकलं नाही.

होडी एकदम कलली. ऑगस्टिनने एका हाताने सुकाणू धरलं आणि दुसरा चादरीवर ठेवला.

"घाबरू नकोस गं," तो म्हणाला, "आलंच घर."

कॅरियाकू अजून दिसतही नव्हतं.