समुद्र उपसल्यावर

सुएकिचीला डोंगराची भीती वाटत नाही, हे अख्ख्या साकुराजिमा बेटाला ठाऊक होतं. मागच्या वेळी हा ज्वालामुखी डोंगर भडकला, बेट सोडायचा हुकूम आला, शेजारीपाजारी बोटीत बसून पलीकडच्या कागोशिमा शहरात गेले. हा पठ्ठ्या मात्र आपल्या लोकाटच्या फळबागेत ठाण मांडून बसला. कारण काय, तर विहिरीचं पाणी तापलं नव्हतं! शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या स्फोटाआधी शहरातले साहेब ‘काही होणार नाही’ म्हणत होते, तेव्हा त्याच्या आजोबांनी विहिरीतून वाफा येताना पाहिल्या, घर सोडलं आणि जीव वाचवला. तेव्हापासून या घराण्यात सरकारापेक्षा विहिरीच्या शब्दाला मान.

शहरात राहणाऱ्या चिझुरूच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, घशाखाली त्या दिवशी घास उतरला नव्हता. बापाला त्याचं काही नाही.

म्हणून या रविवारी ती आली ती टॅब घेऊनच. दाराशी छत्रीवरची राख झटकली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली.

“बाबा, पुढच्या वेळी पहिल्या भोंग्याला निघाल, एवढा शब्द द्या. नाहीतर आधी हे बघा.”

“काय बघायचं? डोंगर खिडकीतून दिसतो की. फुकट.”

“खिडकीतून दिसतो तेवढाच आहे असं वाटतं ना तुम्हाला? पडद्याला बोट लावा. शाळेतल्या पोरांसाठी केलंय, म्हणजे तुम्हालाही जमेल.”

“मास्तरीण झालीस म्हणून बापालाच पहिलीत बसवतेस होय गं!”

पण त्यानं बोट लावलं. पडद्यावर त्याचं बेट होतं, खाडी होती, पलीकडे शहर होतं. बोटानं फिरवलं की सगळं फिरायचं. बाजूला एक पट्टी होती. ती खाली ओढली की समुद्राचं पाणी उतरायचं. सुएकिचीला गंमत वाटली. त्यानं पट्टी ओढत ओढत सगळा समुद्र उपसून टाकला, आणि त्याचं हसू तिथेच थांबलं.

बेटाच्या उत्तरेला, जिथे तरुणपणी तो होडी घेऊन गळ टाकायचा आणि दोर संपला तरी तळ लागायचा नाही, तिथे भलंमोठं गोल तोंड उघडलेलं होतं. चारही बाजूंनी उभे कडे. ज्याला तो आजवर खाडी म्हणत आला ते ज्वालामुखीचं तोंड होतं. आणि ज्याच्याशी फुशारक्या मारत त्याचा जन्म गेला तो डोंगर? त्या तोंडाच्या कडेला, ओठावर पुळी यावी तसा.

“एवढासा?” तो पुटपुटला. “आपला डोंगर एवढासा?”

“अजून आहे. आता वर्षं सरकवा.”

वर्षांची पट्टी सरकवली तशी आजोबांच्या काळातल्या त्या स्फोटात खचलेली जमीन हळूहळू पुन्हा वर यायला लागली. त्याच्या घराचा ठिपकाही वर निघाला. तो जन्मला, शाळेत गेला, लग्न केलं, बायकोला मसणात पोचवून आला, आणि सगळा वेळ जमीन त्याला उचलत होती.

“खाली तापलेला शिलारस भरतोय, बाबा. डोंगराखाली नव्हे, मुख्य साठा खाडीखाली आहे.”

“मग विहीर काही बोलली कशी नाही?”

“ती काय बोलणार? तीसुद्धा तुमच्याबरोबर वर चाललीये.”

आयुष्यात पहिल्यांदा सुएकिचीला विहिरीची बाजू घेता आली नाही. तो बराच वेळ नकाशा फिरवत बसला. मग म्हणाला, “तुझं घर कुठाय यात?”

“ते कशाला आता?”

पण त्यानं शहराच्या कड्यावर बोट ठेवलंच. तिथे लिहून आलं की इथली पांढरी माती, हे अख्खं पठार, याच तोंडातून एका प्रचंड स्फोटात बाहेर पडलं. चिझुरूनं इतक्या पुढे कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या घराखालचा कडा, शाळेचं मैदान, भाजीबाजार, सगळं याच्याच पोटातलं. बापाला घाबरवायला निघालेल्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

सुएकिची उठून ओसरीवर गेला. खाडी उन्हात चमकत होती, फेरीबोट नेहमीसारखी चालली होती. एवढ्या मोठ्या तोंडात माणसं घरं बांधतात, पोरं वाढवतात, शेतात मुळा पिकवतात, आणि ते तोंड त्यांना सांभाळून घेतं! त्याला भीती वाटली नाही. त्याचं मस्तक आपोआप लवलं.

मागून चिझुरू हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे आता तुम्ही येणारच नाही. तिकडेही तेच आहे म्हणाल.”

“येईन. पहिल्या भोंग्याला.”

“खरंच? पण तिथे तरी कुठे...”

“तिथे वाचेन म्हणून नाही गं.” त्यानं खाडीवरची नजर काढली नाही. “हे एवढं मोठं कधी उठलंच, तर ते तू एकटीनं बघायचं नाहीस.”